लांबची कोंबडी

दिवाळी अंक काढणारा माणूस घरी आला आणि म्हणाला, तुमच्या धंद्याबद्दल लिहा. मी विचारलं, "काहून?" तो म्हणाला, वाचकांना आवडतं. मला पटलं नाही. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याचं लिहिणं शिकलेल्या लोकांना काहून आवडावं? मला वाटलं, ह्याला अंकाचं नाव फुकटात रंगवून पाहिजे असंल. तसं तोंडावर विचारलं. तो हसला आणि म्हणाला, ते आता कॉम्प्युटरवर होतं. म्हणजे त्या कामालाही माझी गरज नाही. तरी लिहितो. घरात एकट्यानं बसून आढ्याकडं बघण्यापेक्षा बरं.

मी पेंटर. घरं रंगवणारा नाही, अक्षरं काढणारा. आधी दुकानांच्या पाट्या करायचो, ट्रॉलीवर मालकाचं नाव काढायचो, निवडणुकीत निशाण्या काढायचो. मग फ्लेक्स आलं आणि ते सगळं हातातून गेलं. राहिल्या शाळा. वरून हुकूम निघाला की शाळेच्या भिंती बोलक्या करा. बोलक्या म्हणजे भिंतीवर पाढे, बाराखडी, नकाशा आणि इंग्रजी. लेकरू कंटाळून इकडंतिकडं बघायला लागलं तरी नजर जिथं पडेल तिथं काही शिकण्यासारखं असावं, असा त्यातला विचार.

कुरुंद्यापासून सेनगावापर्यंत पाचवी-सहावीच्या वर्गांतलं इंग्रजी पुष्कळ मी काढलेलं आहे. हे काम माझ्याकडं यायचं ते मला इंग्रजी येत होतं म्हणून नाही, येत नव्हतं म्हणून. एक हेडमास्तर बोललेच, "तुला येत न्हाई हेच बरं हाय. ज्याला थोडं येतं तो पेंटर मनाचं घालतो. तू चिठ्ठी बघून जसंच्या तसं काढतो." ही तारीफ होती का टोमणा, मला अजून ठरवता आलं नाही.

काम कसं असतं ते सांगतो. भिंत आधी खरवडायची. जुना चुना पोपडे धरतो, त्याच्यावर रंग टाकला की दुसऱ्या पावसाळ्यात अक्षरांसकट गळून पडतो. मग भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिश पेपरनं घासायचं, वरून डिस्टेंपरचे दोन हात. वाळलं की रेघा. रेघ पट्टीनं मारत नाहीत, पट्टी एवढी लांब नसते. सुतळी निळीच्या कोरड्या भुकटीत घोळायची, दोघांनी दोन टोकं भिंतीला दाबून धरायची आणि मधून चिमटीनं ओढून सोडायची. फट्ट करून भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं बसवायची, ऑइल पेंटनं.

सुतळीचं दुसरं टोक माझी बायको धरायची. गंगासागर तिचं नाव. दोन वर्षांखाली गेली. पोटात दुखतं म्हणाली, नांदेडला नेलं, परत आणलं ते चालती-बोलती नाही. मी आधी डॉक्टरवर संशय घेतला, मग देवावर घेतला, मग थकलो.

ती शाळेत गेली नव्हती. खरवडणं, लांबी भरणं तिचं काम. पण एकदा एका गुरुजींनी विचारलं, "चित्रं कोण काढणार?" मी अक्षराचा माणूस, मला मांजर काढायला सांगितलं तर खाट होते. ती म्हणाली, "द्या इकडं." ती लहानपणापासून सणावाराला दारात, भिंतीवर चित्रं काढायची. त्या दिवसापासून अक्षरं माझी, चित्रं तिची. दुपारी भाकरी सोडून बसलो की गुरुजी भिंतीवर काय काढलं त्याचा अर्थ सांगायचे आणि आम्ही ऐकायचो. माझं इंग्रजी व्याकरण एवढंच, जेवणासोबत तोंडी लावलेलं.

त्यातलं मला जे कळलं ते असं. इंग्रजीत कोणी कोणाजवळ बसायचं हे पक्कं ठरलेलं आहे. 'आय' म्हणजे मी, त्याच्याजवळ 'ॲम' बसतो. हा 'ॲम' दुसऱ्या कोणाकडं जात नाही. 'ही', 'शी', 'इट' म्हणजे तो, ती, ते, ह्यांच्याजवळ 'इज'. 'वुई', 'यू', 'दे' ह्यांच्याजवळ 'आर'. आमच्याकडं पंगतीत बसतात तसं. ह्यात जागा बदलली की गुरुजींचा लाल पेन आलाच.

'यू'वर माझा पहिल्यापासून राग. मी गुरुजींना विचारलं, "तू बी यू अन तुमी बी यू?"

"हो."

"हेडमास्तरला बी यू अन बकरीला बी यू?"

"हो हो, एकच."

"मंग कोणाला मान दिला अन कोणाला हाकललं, कळतं कसं?"

गुरुजी म्हणाले, आवाजावरून कळतं. मला हे काही सरळ वाटलं नाही. ज्या भाषेत मान कुठं दिसत नाही, त्या भाषेत माणूस आत काय बोलतो ह्याचा भरवसा काय?

गंगासागरचा आक्षेप वेगळा होता. गुरुजींनी सांगितलं, आपण म्हणतो मी भाकर खातो, इंग्रजीत म्हणतात मी खातो भाकर. काम आधी, वस्तू नंतर. ती म्हणाली, "घाई लई हाय त्यांना. आधी खाऊन मोकळे होतात, मंग बघतात काय खाल्लं." गुरुजींना एवढं हसू आलं की त्यांनी ते नंतर वर्गात सांगितलं. पोरं ते विसरली नाहीत, असं त्यांनीच पुढं कळवलं.

आणि तो 'एस'. दोन मांजरं असली तर मांजराच्या नावाला 'एस' लागतो. एकच मांजर दूध पीत असलं तर पिण्याला 'एस' लागतो. गुरुजी म्हणाले, असं समजा की 'एस' एकच आहे, नावाला दिला तर कामाला उरत नाही. सोपं करून सांगायची त्यांची हातोटी चांगली होती. पण मी म्हणालो, "एक एस दोघांत वाटून घेतात म्हणजे गरिबाचीच भाषा दिसते." 'द' म्हणून एक शब्द आहे, तो तर मी हजारदा काढला असंल. त्याचा अर्थ दहा गुरुजींना विचारला, दहा जणांनी दहा सांगितले. तो शब्द काढताना मी आजही मागं वळून बघतो.

माणसंही तशीच भेटली. एका गावच्या हेडमास्तरांनी सगळं इंग्रजी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर काढायला लावलं, रस्त्याच्या बाजूनं, आणि अक्षर एवढं मोठं की जीपमधून वाचता यावं. मी म्हणालो, "सर, लेकरं तर आत बसतात." ते म्हणाले, "लेकरं कुठं जातात? साहेब बाहेरून येतात." साहेब आले, गाडीतूनच बघितलं, मान हलवली आणि पुढं गेले. त्या भिंतीला टेकून आता भाजीवाली बसते. तिच्या डोक्यावर 'धिस इज माय स्कूल' लिहिलेलं आहे. तिनं मला एकदा विचारलं, "वर काय लिवलंय भाऊ? माह्या भाजीचं तर न्हाई ना काही?" मी सांगितलं, न्हाई, तुमच्या भाजीचं काही न्हाई.

दुसरा एक जण हिंगोलीत भेटला, गळ्यात टाय, फाडफाड इंग्रजीचा क्लास काढतो म्हणाला. मला पाटी सांगितली. पाटीवर त्याचाच हसरा चेहरा पाहिजे होता. गंगासागर चेहरा काढता काढता हळूच म्हणाली, "आवं, ह्या माणसाचे डोळे हसत न्हाईत." पुढच्या उन्हाळ्यात त्यानं परत बोलावलं आणि तीच पाटी खोडून प्लॉट विकणे आहे असं काढायला सांगितलं. वर म्हणाला, "चेहरा राहू द्या, चेहरा तोच लागतो." तेव्हापासून मी माणसाचे डोळे आधी बघतो. चुकत असंल कधी, पण बघतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

सेनगाव तालुक्यात एका तांड्यावर शाळा आहे. तांड्याचं नाव लिहीत नाही, उगं कोणी भांडायला येईल. तिथल्या सहावीच्या वर्गात आम्ही दोघांनी मागची अख्खी भिंत काढली होती. गंगासागरनं काढलेली ती शेवटची मोठी भिंत. त्याच्यानंतर ती दुखण्यातच पडली.

त्या वेळच्या गुरुजींनी चिठ्ठीत सफरचंद आणि छत्री दिली होती. सगळ्या शाळांत तेच असतं. गंगासागर म्हणाली, "तांड्यावर सेब कोणी रोज खातं का? कोंबडी काढते." गुरुजींनी तिला समजावलं की 'धिस' म्हणजे हे, जवळचं. 'दॅट' म्हणजे ते, लांबचं. तिनं विचारलं, "किती लांब?" गुरुजी म्हणाले, "लांब म्हणजे लांब, मावशी. हात पोचणार नाही इतकं." तिनं मान डोलावली. डाव्या बाजूला एक ठसठशीत कोंबडी काढली, तपकिरी, एक पाय उचललेली. उजव्या बाजूला वरती बोटाएवढी दुसरी. मधी नुसती पांढरी भिंत. मी खाली अक्षरं काढली, 'धिस इज अ हेन', 'दॅट इज अ हेन'. गुरुजी खूश झाले. मग त्यांची बदली झाली.

ह्या साली श्रावणात मी सेनगावच्या स्टँडवर चहा पीत होतो. तांड्याकडं जीप चालवणारा माणूस म्हणाला, "पेंटर, तुमची कोंबडी चालली."

"कुठं?"

"नवी म्याडम आली हाय शाळेत. मागची भिंत पांढरी करायची म्हणून राहिली."

चहा तसाच ठेवला. घरात तिचं लुगडं आहे, तिचं ताट आहे. आधार कार्डावरचा फोटो आहे, त्यात ती आहे असं वाटत नाही. तिच्या हातचं म्हणावं असं ह्या जगात आता काय राहिलं? एक ही भिंत. मी त्याच जीपमध्ये बसलो.

वाटेत माझं डोकं चालूच होतं. नवी म्याडम म्हणजे फ्लेक्सवाली. हिचा कोणी भाऊ नाहीतर दीर फ्लेक्सचं दुकान चालवत असणार. भिंत पांढरी करायची, वरून फ्लेक्स ठोकायचं, फोटो काढून साहेबाला पाठवायचा. असं मी चार शाळांत बघितलं होतं.

शाळेत गेलो तर म्याडम व्हरांड्यात उभ्या होत्या. तिशीच्या आतल्या, परभणीकडच्या, वर्षा म्हणून. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे वा काका, मी तुमचाच पत्ता विचारत होते."

मी डोळे बघितले. हसत होते. त्याचाही संशय आला.

"भिंत पांढरी करायची म्हणे तुमाला?"

"असं कोण म्हणालं? नुसता विचार चाललाय. आत या ना, दाखवते."

आत गेलो. कोपऱ्यात एक लांब गुंडाळी उभी होती. मनात म्हणालो, हे बघा फ्लेक्स, आणून बी ठेवलं. म्याडमची पाठ फिरलेली बघून मी बोटानं कडा उलगडून पाहिली. भारताचा नकाशा निघाला. तेवढ्यात म्याडमनं वळून बघितलं.

भिंतीवर कोंबड्या तशाच होत्या. थोडी धूळ, दुसरं काही नाही.

म्याडम वर्गाला म्हणाल्या, "सांगा बरं." एका हातात डस्टर धरला, दुसऱ्या हातात खडू. दोन्ही हात छातीशी. डस्टर दाखवला. लेकरं ओरडली, "धिस!" खडू दाखवला. लेकरं ओरडली, "दॅट!"

मग त्यांनी खडू एका पोराच्या नाकापुढं नेला आणि डस्टर खिडकीत ठेवून आल्या. तरी खडू 'दॅट' आणि डस्टर 'धिस'.

"कळलं का काका?" म्याडम म्हणाल्या. "ह्यांच्या मनात धिस म्हणजे मोठं आणि दॅट म्हणजे लहान बसलंय. मी आल्यापासून झगडतेय. कुठून बसलं म्हणून शोधत होते. मग एका मुलीनं भिंतीकडं बोट केलं. म्हणाली, धिस कोंबडी, दॅट पिल्लू."

"पिल्लू?" मला राग आला. "पिल्लू कुठं हाय? ती कोंबडीच हाय. लांब हाय म्हणून लहान दिसते. हे लेकराला कळत न्हाई व्हय? तुमीच शिकवलं असंल त्यांना असं बोलायला."

म्याडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी कशाला शिकवू? तुम्ही बाहेर कोणालाही विचारा. मी येत नाही सोबत."

मी विचारलं. खिचडी शिजवणाऱ्या बाईला हात धरून आणलं नाही एवढंच. तिनं पदराला हात पुसत भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाली, "कोंबडी अन तिचं पिल्लू. लई ग्वाड काढलंय." मला वाटलं, ही शाळेत काम करते, म्याडमच्या बाजूनं बोलणारच. मग तांड्याचे नाईक लिंबाखाली बसले होते, त्यांना आणलं. नाईक म्हणजे तांड्याचा मोठा माणूस, माझ्याच वयाचा, कोणाच्या बापाला भीत नाही. त्यांनी कपाळावर हात धरून बघितलं.

"पिल्लू हाय."

"नाईक, नीट बघा. लांबची कोंबडी हाय ती."

"लांब? कशाच्या लांब? मधी रान न्हाई, झाड न्हाई, वाट न्हाई. हवेत कोंबडी लांब जाती का? पेंटर, म्हातारा झालास तू, तुला कोंबडी अन पिल्लू कळंना."

लेकरं खिदळली. नाईकही हसत परत लिंबाखाली गेले.

मग माझ्या मनात जे आलं ते फार वाईट होतं. हे सगळे खोटं बोलत नसतील तर? गंगासागरनंच पिल्लू काढलं असंल तर? गुरुजींचं लांब-जवळ तिच्या ध्यानातच आलं नसंल. कोंबडी काढली, शेजारी पिल्लू काढलं, बाईमाणसाच्या हातून निघतंच तसं. मी तर कधी विचारलं नाही. मी आपल्या अक्षरांत होतो. ती असती तर एका शब्दात मिटलं असतं. आता कोणाला विचारू?

म्याडमला म्हणालो, "घोडी हाय का?" घोडी म्हणजे चढायची शिडी. नव्हती. दोन बेंच एकावर एक ठेवले. म्याडम म्हणाल्या, "काका, पडाल." मी चढलो. रुमाल ओला करून घेतला, चष्मा पुसला, आणि उजवीकडच्या त्या बोटाएवढ्या चित्रावरची धूळ हळू हळू टिपली.

पिल्लाला तुरा नसतो. शेपटीही नसते, गोळा असतो नुसता. हिला शेपटी होती, वर उचललेली. आणि डोक्यावर लाल तुरा होता, तीन टोकांचा. गव्हाच्या दाण्याच्या टोकाएवढा. एवढं बारीक ब्रशनं निघत नाही. तिनं ब्रशचा एकच केस रंगात बुडवून काढला असणार. एक पायसुद्धा उचललेला होता, मोठीसारखाच.

मी वरूनच ओरडलो, "म्याडम, या! तुरा हाय! माह्या बायकोनं कोंबडीच काढली हाय!"

त्याही बेंचवर चढल्या, माझा चष्मा घेतला, नाक भिंतीला लावलं. बराच वेळ बघितलं.

"खरंच की काका. किती नाजूक काढलंय. काकूंना बरोबर कळलं होतं."

"मी सांगत व्हतो ना."

"हो," त्या म्हणाल्या. मग खाली उतरल्या, पहिल्या बेंचवरच्या एका मुलीला उभं केलं. "आरती, त्या छोटीच्या डोक्यावर काय आहे?"

आरतीनं डोळे बारीक केले. "काय न्हाई म्याडम."

शेवटच्या बेंचवरून विचारलं, तेच. मी चष्मा परत घेऊन खाली उतरलो आणि स्वतः आरतीच्या जागेवर बसलो. मलाही काही दिसलं नाही. पांढऱ्या भिंतीवर एक पिल्लू दिसलं.

गंगासागर बराबर होती आणि भिंत चुकीची होती. हे दोन्ही एकदम खरं असतं असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याचे डोळे बघितले असते.

म्याडम माझ्या शेजारी बेंचवर बसल्या. म्हणाल्या, "काका, मला हे पुसायचं नाही. पण ह्या लेकरांना पुढं सगळं इंग्रजी ह्याच्यावरच चढवायचंय. धिस-दॅट चुकलं की पुढं धीज-दोज चुकतं, अनेकवचन चुकतं. घरी बोलायची भाषा वेगळी, मराठी तर शाळेत येऊन शिकली, हे तिसरं. ह्यांना विचारायला घरी कोणी नाही. सांगा, काय करू?"

मी म्हणालो, "पांढरी करा."

"तुम्ही कराल?"

मला वाटलं, हिला माहीत आहे मी करणार नाही, म्हणून विचारते.

मग त्यांनीच सांगितलं. नाईकांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "मधे रान काढलं तर? कोंबड्यांना हात लावू नका. फक्त मधली जागा भरा. बांध, शेत, वाट. म्हणजे लांबची ती लांब दिसेल."

"मला चित्र येत न्हाई."

"अक्षरं येतात ना? बांध म्हणजे आडवी रेघच की."

मी घरी गेलो. मनातला संशय गेला नव्हता. वाटत होतं, मी वाकडंतिकडं काहीतरी काढणार, मग ही म्हणणार, आता तर बिघडलंच, सगळंच पांढरं करू. तरी पेटारा उघडला. हिरवा, तपकिरी, थोडा पिवळा डबा घेतला आणि परत तांडा गाठला.

म्याडमनं विचारलं, "सुतळी धरायला कोणी लागतं का?" मी म्हणालो, "न्हाई. बांध वाकडाच असतो."

मोठ्या कोंबडीच्या पायाखाली मी अंगण काढलं. त्याच्या पुढं काटेरी कूप. कुपाच्या पलीकडं सोयाबीनचं शेत, जवळच्या ओळी जाड, लांबच्या ओळी बारीक. मग बांध. बांधाच्या पलीकडं आणखी एक शेत, तूर. मग वाट, वाटेवर एक लिंब, लांबचा म्हणून लहान. माझा लिंब फुलकोबीसारखा झाला. नाईक आले, बघितलं आणि म्हणाले, "ह्याची भाजी होती का पेंटर?" मी त्यांना ब्रश दाखवला तेव्हा गेले.

उजवीकडं जाता जाता हात हळू झाला. लहान कोंबडीच्या भोवती रंग भरायचा होता. तिच्या पायाजवळ जरासं गवत पाहिजे, नाहीतर हवेतच राहिली असती. मी श्वास धरून गवताच्या चार काड्या काढल्या आणि थांबलो. तिच्या अंगाला ब्रश लागू दिला नाही. तुऱ्याकडं तर बघितलंही नाही.

खाली उतरून मागं झालो. काम काही चांगलं नव्हतं. कूप वाकडं, लिंब तो तसा. पण ती लांब गेली होती. खरंच लांब. इतके दिवस ती भिंतीवर मोठीच्या शेजारीच दिसत होती. आता मधी दोन शेतं होती, आणि ती मीच आणून टाकली होती.

म्याडमनं वर्ग आत घेतला. लेकरं भिंतीपुढं गोळा झाली. म्याडमनं विचारलं, "ही कोणती?" सगळ्यांनी मोठीवर हात ठेवायला गर्दी केली. "धिस!" "आणि ती?" हात आपोआप लांब झाले, बोटं खिडकीच्या वरपर्यंत गेली. "दॅट!" म्याडमनं लगेच खडू आरतीच्या हातात दिला आणि डस्टर खिडकीत ठेवला. "आता हे?" आरती थोडी अडखळली. खडूकडं बघितलं, डस्टरकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. मग म्हणाली, "धिस चॉक. दॅट डस्टर."

"इज," म्याडम म्हणाल्या.

"धिस इज चॉक. दॅट इज डस्टर."

म्याडमनं माझ्याकडं बघितलं. मी त्यांचे डोळे बघितले. भरले होते. मग मला त्या बाईवर संशय घेता येईना.

लेकरं जागेवर गेली. आरती तिथंच उभी राहिली. बराच वेळ लांबच्या कोंबडीकडं बघत होती. मला म्हणाली, "आबा, पिल्लू याडीपासून लई लांब गेलं." तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"पिल्लू न्हाई बाई ते. कोंबडीच हाय. मोठीच हाय तीबी."

तिला पटलं का नाही, कळलं नाही. तिनं पुन्हा बघितलं.

"मोठी हाय, मंग घरी काहून येऊन न्हाई राहिली?"

मी म्हणालो, "मधी शेत लई हाय, बाई."

तिनं मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. म्याडम फळ्याकडं वळल्या, त्यांनी 'धीज' आणि 'दोज' लिहायला घेतलं. मी ब्रश गोळा केले आणि हापशावर हात धुवायला गेलो.